कवच आणि शरीर : भारतीय सैनिकांच्या संरक्षक वस्त्रांच्या निर्मितीची व पुरवठ्याची चिकित्सा

प्रास्ताविक

'चिलखत' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात प्रतापगडाचा प्रसंग उभा राहतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण चढविले होते, हे सर्वपरिचित आहे. या प्रसंगाची चर्चा धैर्य आणि मुत्सद्देगिरी या अंगांनी पुष्कळ झाली. त्यातील एक साधी बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते. धोका कोणता, वार कोठे होण्याचा संभव आहे आणि कवच घातल्यावर हात मोकळे राहतील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधूनच असे कवच अंगावर चढविता येते. आधुनिक सैन्याच्या संरक्षक वस्त्रांनाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. फरक इतकाच की आता ही उत्तरे कवच घालणारा शोधत नाही. प्रयोगशाळा, कारखाना, खरेदी मंडळ आणि भांडार अशी साखळी त्याच्या वतीने ती शोधते. या साखळीतील एखादा दुवा निखळला तर त्याची किंमत मात्र साखळीच्या अगदी शेवटी उभा असलेला जवान मोजतो.

प्रस्तुत लेखात स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय सेनेच्या संरक्षक वस्त्रांच्या व लढाऊ साधनांच्या निर्मिती-पुरवठ्याची चिकित्सा केली आहे. त्यासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, शासनाने वेळोवेळी जाहीर केलेली माहिती आणि संरक्षण संशोधन संस्थांनी प्रसिद्ध केलेले तपशील यांचा आधार घेतला आहे. भारताजवळ तंत्रज्ञान नाही म्हणून सैनिक उघडा पडतो, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. उपलब्ध पुरावा या समजाला पूर्णतः पुष्टी देत नाही. संरक्षक वस्त्र ही भांडारात मोजावयाची वस्तू मानली गेली, ते ज्याच्या अंगावर जाणार त्या शरीराचा विचार मागाहून झाला, हेच या क्षेत्रातील मूळ वैगुण्य होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

संरक्षक वस्त्राचे स्वरूप

लष्करी पोशाखाकडे पाहण्याची सर्वसामान्य दृष्टी ही शोभेची व शिस्तीची आहे. संचलनातील कडक इस्त्रीचा गणवेश आपण पाहतो आणि त्यालाच सैनिकाचा पोशाख समजतो. रणभूमीवरील पोशाखाचे कार्य याहून वेगळे असते. तेथे वस्त्र हेच एक साधन असते, आणि काही ठिकाणी तर ते बंदुकीपेक्षाही निकडीचे ठरते.

बुलेटप्रूफ जॅकेटचे उदाहरण घेता येईल. १९६५ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या तंतूचा शोध लावला, तो पुढे केव्हलार या नावाने ओळखला जाऊ लागला. अशा चिवट तंतूंचे अनेक थर गोळीची ऊर्जा पसरवून शोषून घेतात. पिस्तुलाच्या गोळीसाठी हे पुरेसे असते. रायफलीच्या पोलादी गाभ्याच्या गोळीपुढे मात्र केवळ कापडी थर टिकत नाहीत. त्यासाठी पुढे सिरॅमिकची कठीण पट्टी बसवावी लागते. ती गोळीचा गाभा फोडते आणि मागचे थर उरलेला आघात झेलतात. गोळी थांबली तरी पट्टी आतल्या बाजूस किती दबते, हेही तपासावे लागते, कारण तो दाब बरगड्या मोडू शकतो. म्हणजेच 'जॅकेट गोळी थांबवते' एवढे विधान अपुरे आहे. कोणती गोळी, किती अंतरावरून, शरीराच्या कोणत्या भागावर आणि आतील इजा किती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

शीतप्रदेशातील वस्त्रांचेही असेच आहे. आतील थर घाम शोषून बाहेर टाकतो, मधला थर उबदार हवा धरून ठेवतो, तर बाहेरचा थर वारा व हिम अडवितो. यांतील एक थर जरी निकृष्ट असला तरी उरलेले दोन निरुपयोगी ठरतात. चढण चढताना आलेला घाम अंगावरच गोठला तर तोच घातक होतो. हिमदंशाची सुरुवात बहुधा हातापायांच्या बोटांपासून होते, म्हणून बुटाला जॅकेटइतकेच महत्त्व असते.

थंडीचा शत्रू : १९६२ ते सियाचीन

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा नामका चू नदीच्या काठी उभ्या असलेल्या भारतीय तुकड्यांतील अनेक जवान मैदानी प्रदेशातील सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून लढत होते. हिवाळी कपडे आणि पांघरुणे यांची टंचाई होती. त्या पराभवाची कारणमीमांसा राजकीय नेतृत्व, रणनीती आणि शस्त्रसामग्री या अंगांनी वारंवार झाली. वस्त्रांचा उल्लेख त्यात येतो, पण तो दुःखद तपशील म्हणून, स्वतंत्र कारण म्हणून नव्हे. या दृष्टिकोनाचा परिणाम दीर्घकाळ टिकला.

मे ते जुलै १९९९ च्या कारगिल संघर्षात सोळा-सतरा हजार फूट उंचीवरील शिखरे परत घेताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जे हाती आहे त्यानिशी लढू, असे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले. त्या विधानातील निर्धाराचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु ते विधान पुरवठा व्यवस्थेवरील अभिप्रायही होते, हे फारसे लक्षात घेतले गेले नाही. या संघर्षासाठी केलेल्या तातडीच्या खरेदीचा आढावा महालेखापरीक्षकांनी २००१ मध्ये संसदेपुढे ठेवला. खरेदीतील बहुतांश साहित्य युद्ध थांबल्यानंतर आले, हा त्यातील निष्कर्ष बोलका आहे.

सियाचीनचे उदाहरण याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले, तेव्हापासून भारतीय सैन्य या हिमनदीवर अखंड तैनात आहे. तेथील तापमान उणे पन्नास अंशांपर्यंत घसरते. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि तोफा शांत झाल्या, परंतु हिमस्खलन, हिमदंश आणि विरळ हवा यांच्याशी कोणताही संधी होत नाही. तेथे वस्त्र हेच प्रमुख शस्त्र ठरते. असे असतानाही महालेखापरीक्षकांचा २०१९ चा सोळाव्या क्रमांकाचा अहवाल, जो फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत सादर झाला, अस्वस्थ करणारी माहिती देतो. अतिउंचीवरील कपडे व साधने यांच्या खरेदीत चार वर्षांपर्यंत विलंब झाल्याचे त्यात नमूद आहे. हिमचष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत होती. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बुटांचा पुरवठा न झाल्याने जुने बूटच दुरुस्त करून वापरावे लागले. मुखपट्ट्या, जॅकेटे व शयनपिशव्या जुन्याच विनिर्देशांनुसार घेतल्याने सुधारित वस्तूंचा लाभ जवानांना मिळाला नाही, असेही अहवाल सांगतो.

ही आकडेवारी जुन्या काळातील असून परिस्थिती सुधारली आहे, अशी भूमिका लष्कराच्या बाजूने मांडण्यात आली. ती ग्राह्य मानली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. तैनाती १९८४ पासूनची, हवामान ठाऊक असलेले आणि जवानांची संख्या निश्चित असलेली. अशा ठिकाणची गरज आकस्मिक म्हणता येत नाही. मग तूट निर्माण होते कशी? ज्याची मागणी आगाऊ सांगता येते त्याचाही पुरवठा वेळेवर होत नसेल, तर उणीव नियोजनाची आहे, असेच म्हणावे लागते.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांना वीरमरण आले. एकही गोळी न झाडता झालेल्या त्या झटापटीनंतर सेनेने जे निवेदन काढले, त्यात गंभीर जखमी झालेले सतरा जवान शून्याखालील तापमानात राहिल्याने मृत्यू पावल्याचे म्हटले होते. जखम आणि थंडी यांचा हा संयोग वस्त्राचे महत्त्व पुन्हा अधोरेखित करतो. त्या वर्षी हिवाळ्यापूर्वी लडाखमधील वाढीव तैनातीसाठी अमेरिकेकडून अतिशीत हवामानाचे कपडे तातडीने घ्यावे लागले. त्यानंतर २७ डिसेंबर २०२१ रोजी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने अधिक १५ ते उणे ५० अंश तापमानासाठी विकसित केलेल्या तीन थरांच्या पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांकडे सुपूर्द केले. म्हणजे 'मेघदूत' मोहिमेनंतर सदतीस वर्षांनी.

बुलेटप्रूफ जॅकेट : नऊ वर्षांची प्रतीक्षा

काश्मीर व ईशान्येकडील दहशतवादविरोधी मोहिमांमुळे बुलेटप्रूफ जॅकेटची निकड १९९० नंतर सतत वाढत गेली. ऑक्टोबर २००९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक जॅकेटांच्या गरजेस तत्त्वतः मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्यात १,८६,१३८ जॅकेटे घ्यावयाची होती. त्यानंतरची निविदा प्रक्रिया चाचण्यांतच अडकली आणि २०१५ मध्ये ती निष्फळ ठरली. मार्च २०१६ मध्ये तात्पुरती सोय म्हणून पन्नास हजार जॅकेटांचा करार झाला. मूळ १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार एप्रिल २०१८ मध्ये झाला आणि पुरवठ्यासाठी तीन वर्षांची मुदत ठरली.

मान्यता ते करार हा प्रवास नऊ वर्षांचा आहे. याच काळात भारतातील खाजगी कंपन्या परदेशी सैन्यांना व पोलीस दलांना जॅकेटे आणि शिरस्त्राणे निर्यात करीत होत्या. भारतात तयार होणारे कवच परदेशी सैनिकाच्या अंगावर चढते आणि भारतीय जवान प्रतीक्षेत राहतो, ही विसंगती तंत्रज्ञानाच्या अभावाने स्पष्ट होत नाही. चाचण्या कठोर असाव्यात यात शंका नाही, कारण निकृष्ट कवच हे कवच नसण्यापेक्षाही धोकादायक असते. ते खोटा विश्वास निर्माण करते. तथापि कठोर चाचणी आणि दीर्घ विलंब या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या नावाखाली दुसरीचे समर्थन करता येत नाही.

या विलंबामागील एक कारण प्रमाणकाच्या अभावात सापडते. वेगवेगळी दले वेगवेगळ्या विनिर्देशांनुसार निविदा काढीत. डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'आय.एस. १७०५१ : २०१८' हे प्रमाणक प्रसिद्ध केले आणि धोक्याच्या सहा पातळ्या निश्चित केल्या. कोणत्या पातळीचे जॅकेट मागितले आणि कोणते मिळाले, याची तुलना त्यामुळे प्रथमच एका मोजपट्टीवर करता येऊ लागली. हे पाऊल निर्विवादपणे स्वागतार्ह आहे. मात्र १,८६,१३८ जॅकेटांचा करार एप्रिलमध्ये आणि प्रमाणक डिसेंबरमध्ये, हा क्रमही नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

वजन, माप आणि श्रद्धा

संरक्षण वाढविले की वजन वाढते, हा या क्षेत्रातील मूलभूत पेच होय. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. तेथे रायफल, काडतुसे, पाणी व शिधा यांच्या जोडीला वाहिलेला प्रत्येक किलो दमछाक वाढवितो. एप्रिल २०२१ मध्ये कानपूरच्या संरक्षण साहित्य प्रयोगशाळेने मध्यम आकाराच्या जॅकेटचे वजन १०.४ किलोवरून ९ किलोवर आणल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेल्या 'अभेद' जॅकेटचे वजन, संरक्षणाच्या पातळीनुसार, ८.२ व ९.५ किलो सांगण्यात आले. दीड-दोन किलोची ही घट कागदावर किरकोळ दिसते. चढणीवर असलेल्या जवानाच्या दृष्टीने मात्र ती जॅकेट अंगावर ठेवण्याचा किंवा उतरवून ठेवण्याचा निर्णय ठरू शकते. न वापरलेले कवच भांडाराच्या हिशेबात जमा असते, पण संरक्षणाच्या हिशेबात ते शून्यच.

'पटका' या नावाने ओळखले जाणारे शिरस्त्राणही याच पेचाची साक्ष देते. कपाळ आणि डोक्याची मागील बाजू झाकणारी ही पोलादी पट्टी सुमारे अडीच किलो वजनाची असे. डोक्याचा वरचा भाग तीत उघडाच राही. दहशतवादविरोधी मोहिमांत अनेक वर्षे जवानांनी तिच्यावरच विसंबून काम केले. तिने अनेकांचे प्राण वाचविले असतील. परंतु उपलब्ध साधनावर भागविणे आणि योग्य साधन देणे यांतील अंतरही तिनेच दाखवून दिले.

मापाचा प्रश्न केवळ इंचांचा नसतो. शीख सैनिकांसाठी १२,७३० विशेष शिरस्त्राणे घेण्याचा प्रस्ताव २०२३ च्या आरंभी पुढे आला, तेव्हा अकाल तख्त व शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्यास आक्षेप घेतला. पगडी हे केवळ वस्त्र नसून ती शीख ओळखीचे चिन्ह आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही महायुद्धांत शीख सैनिकांनी पगडी बांधूनच लढाया केल्या, हा दाखला त्यामागे होता. दुसऱ्या बाजूस, डोक्याला लागणारी गोळी किंवा बाँबचा तुकडा धर्म पाहत नाही, हा युक्तिवादही दुर्लक्षिता येण्याजोगा नाही. या वादात कोणा एका पक्षाचा निर्णय देणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. आधी वस्तू तयार करून मग सैनिकाला विचारणे, हा क्रमच सदोष आहे, एवढे मात्र यातून स्पष्ट होते. मे २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात महिलांची पहिली तुकडी दाखल झाली. पुरुषांच्या छातीच्या मापावर बेतलेले जॅकेट महिलांच्या अंगावर नीट बसत नाही, फटी राहतात, आणि गोळीला फट पुरेशी असते. शरीरे बदलतात तेव्हा विनिर्देशही बदलावेच लागतात.

कारखाना, प्रयोगशाळा आणि बाजारपेठ

लष्करी कपड्यांची निर्मिती दीर्घकाळ आयुध निर्माणी मंडळाच्या कारखान्यांकडे होती. शाहजहानपूरचा कापड कारखाना १९१४ चा. अवडी, कानपूर आणि हजरतपूर येथील कारखाने याच परंपरेतील. खात्रीची मागणी हा या व्यवस्थेचा आधार होता आणि तीच तिची मर्यादाही ठरली. ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नसेल तर गुणवत्ता सुधारण्याचा ताण उरत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. वर उल्लेखिलेले चार कारखाने 'ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड' या कंपनीकडे गेले. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, जवानांना गणवेशासाठी वार्षिक दहा हजार रुपये भत्ता मिळू लागला. गणवेशाची जबाबदारी अशा रीतीने काही अंशी कारखान्याकडून बाजारपेठेकडे आणि बाजारपेठेकडून जवानाच्या खिशाकडे सरकली.

याचे परिणाम संमिश्र आहेत. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश सादर झाला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने त्याची रचना झाली आणि कापूस व पॉलिएस्टर यांचे प्रमाण ७० : ३० ठेवण्यात आले. त्याच्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी करण्यात आली आणि मुंबई व खडकीसह पंधरा कॅन्टीन भांडारांतून तो उपलब्ध करून देण्यात आला. बाजारातील नकली गणवेशांना आळा घालणे, हा नोंदणीमागील हेतू रास्तच म्हटला पाहिजे, कारण तोच वेश परिधान करून दहशतवादी येऊ शकतात. मात्र रंगनक्षी सुरक्षित ठेवता आली, तरी कापडाचा दर्जा नोंदणीने सुरक्षित राहत नाही. त्यासाठी सातत्यपूर्ण तपासणीच लागते.

संशोधनाच्या बाबतीत महाराष्ट्राचा एक दुवा येथे नोंदविणे आवश्यक आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या तंत्रज्ञानावर 'भाभा कवच' हे जॅकेट आधारलेले असून त्याची निर्मिती हैदराबादच्या 'मिधानी' या सार्वजनिक उपक्रमाने केली. प्रयोगशाळेतील नमुना, कारखान्यातील उत्पादन आणि जवानाच्या अंगावरील वस्त्र या तीन पायऱ्या आहेत. भारतात पहिली पायरी बहुधा यशस्वी होते आणि तिची बातमीही होते. दुसरी व तिसरी पायरी गाठेपर्यंत बातमी विरून गेलेली असते.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

२४ मार्च २००३ रोजी इराकमध्ये एका ब्रिटिश सार्जंटचा मृत्यू झाला. जॅकेटांचा तुटवडा असल्याने त्याचे जॅकेट काही दिवसांपूर्वीच दुसऱ्या तुकडीसाठी काढून घेण्यात आले होते. डिसेंबर २००६ मध्ये त्या मृत्यूची जाहीर न्यायचौकशी पूर्ण झाली आणि खरेदीस झालेल्या विलंबावर चौकशी अधिकाऱ्याने कठोर ताशेरे ओढले. त्या देशातही चूक झालीच होती. परंतु एका मृत्यूचा आणि एका वस्त्राचा संबंध उघडपणे तपासण्याची सोय तेथे होती.

आपल्याकडे याची तुलना करावयाची झाल्यास, पोलीस दलातील असले तरी, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचे उदाहरण घ्यावे लागते. हेमंत करकरे यांच्या हौतात्म्यानंतर त्यांच्या जॅकेटच्या दर्जाविषयी प्रश्न उपस्थित झाले. पुढे माहिती अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा ते जॅकेटच गहाळ झाल्याचे समोर आले. जॅकेट चांगले होते की वाईट, गोळ्या त्याच्या कक्षेत लागल्या की बाहेर, या प्रश्नांची निःसंदिग्ध उत्तरे देणारा मूळ पुरावाच उरला नाही. हुतात्म्याचा गौरव करणारा समाज त्याच्या कवचाची चौकशी करण्यास कचरतो, ही बाब चिंतनीय आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल तूट टक्क्यांत सांगतात, व्यक्तींत नाही. त्यामुळे ९८ टक्के तूट वाचून क्षणभर हळहळ वाटते आणि मग अहवाल मिटला जातो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संरक्षक वस्त्रांची उणीव ही प्रामुख्याने तंत्रज्ञानाची नसून नियोजन, प्रमाणक आणि कालमर्यादा यांची आहे.

२. सियाचीनसारख्या कायमस्वरूपी तैनातीच्या गरजा आगाऊ निश्चित करता येतात. त्यांची पूर्तता तातडीच्या खरेदीवर सोडणे समर्थनीय नाही.

३. वजन, माप, लिंगभेद आणि श्रद्धा यांचा विचार रचनेच्या आरंभीच, प्रत्यक्ष परिधान करणाऱ्या जवानांशी बोलून व्हावयास हवा.

४. १ ऑक्टोबर २०२१ नंतरच्या नव्या रचनेत कारखाना, खाजगी उद्योग व बाजारपेठ या तिन्ही मार्गांनी येणारी वस्त्रे एकाच प्रमाणकाने तपासली जाणे आवश्यक आहे.

५. कवच अपुरे ठरल्याची शंका असलेल्या प्रत्येक मृत्यूनंतर ते कवच पुरावा म्हणून जतन करून त्याची तांत्रिक तपासणी होणे बंधनकारक असावे.

कर्णाला कवच जन्मतः लाभले होते, तरीही ते त्याच्यापासून काढून घेतले गेले. आजच्या जवानाला ते जन्मतः मिळत नाही. ते त्याला वेळेवर, मापाचे आणि विश्वासार्ह असे मिळाले पाहिजे, आणि ही जबाबदारी त्याला सीमेवर पाठविणाऱ्या राज्यसंस्थेची आहे. शौर्याच्या गौरवाने या जबाबदारीतून मुक्त होता येणार नाही.